दोन मिलिमीटरची मध्यरेषा

वरच्या समोरच्या दोन दातांमधली उभी रेघ नाकाखालच्या पन्हळीच्या बरोबर खाली यावी आणि खालच्या दातांमधली रेघ तिला येऊन मिळावी, असे चित्र दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत असते. माणसांच्या तोंडात ते शोधायला गेले तर निराशा होते. मिलर, बॉडन आणि जेमिसन या संशोधकांनी १९७९ साली नेमके हेच मोजून प्रसिद्ध केले. वरची रेघ तोंडाच्या मध्याशी जुळलेले लोक त्यांना सुमारे ७० टक्के मिळाले. वरची आणि खालची रेघ एकमेकींशी जुळलेले मात्र चारांत एक. हा अभ्यास कृत्रिम दात बसवण्याच्या शास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकात छापून आला होता, कारण कवळीत मध्यरेषा नेमकी कुठे ठेवावी हा त्यामागचा व्यावहारिक प्रश्न होता. हुबेहूब मध्यावरची रेघ हमखास मिळते ती कवळीतच, असे थोडे खट्याळपणे म्हणता येईल. निसर्गाने दिलेल्या दातांत ती थोडीफार इकडेतिकडे असणे हाच प्रघात आहे.

तरीही तिशी-चाळिशीतली पुष्कळ माणसे आज याच तक्रारीसाठी ऑर्थोडॉन्टिस्टकडे जातात. लहानपणी तारा लावायच्या राहून गेल्या, किंवा तेव्हा घरच्यांना तो खर्च परवडला नाही. आता हाती पैसा आहे, फोनमध्ये रोज स्वतःचा चेहरा दिसतो आणि जाहिराती सांगतात की काम काही महिन्यांचे आहे. वाढ पूर्ण झालेली व्यक्ती, एरवी निरोगी दात आणि एक ते तीन मिलिमीटर सरकलेली मध्यरेषा, एवढाच पट्टा या लेखापुरता घेतला आहे. अशा माणसापुढे पर्यायांची कमतरता नाही: पारदर्शक अलाइनर, धातूच्या किंवा सिरॅमिकच्या तारा, दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या तारा, दातांच्या कडा किंचित घासणे, कॉम्पोझिटचा भराव, व्हिनीअर, आणि काहीच न करणे. यातले कोणते निवडावे, अशा स्वरूपात प्रश्न सहसा विचारला जातो. पण हास्यातल्या सगळ्या दोषांपैकी सरकलेली मध्यरेषा पाहणाऱ्याची नजर सर्वांत सहज माफ करते, आणि ती सरळ करण्याच्या बहुतेक झटपट मार्गांत तिच्या जागी नजर माफ करत नाही असा दुसरा दोष येऊन बसण्याचा धोका असतो. पर्यायांचा विचार या देवघेवीच्या हिशेबाने व्हायला हवा. तार की अलाइनर, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

नजर काय माफ करते याचा पुरावा बऱ्यापैकी आहे. कोकिच, कियाक आणि शापिरो यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हसऱ्या तोंडांची छायाचित्रे संगणकावर थोडी थोडी बिघडवून ती ऑर्थोडॉन्टिस्ट, सर्वसाधारण दंतवैद्य आणि सामान्य लोक अशा तीन गटांना दाखवली. मध्यरेषा चार मिलिमीटर सरकवली तेव्हा कुठे ऑर्थोडॉन्टिस्टांना ती खटकली. उरलेल्या दोन गटांना चार मिलिमीटरही खटकले नाहीत. त्याच अभ्यासात समोरचा दात कललेला दाखवला, तेव्हा दोन मिलिमीटरच्या कलण्यावर तिन्ही गटांनी बोट ठेवले. थॉमस, हेज आणि झवायदेह यांनी २००३ साली या कलण्याचाच स्वतंत्र अभ्यास केला. मध्यरेषा दहा अंश तिरकी झाली की ६८ टक्के ऑर्थोडॉन्टिस्टांनी आणि ४१ टक्के सामान्य लोकांनी ते हास्य नापसंत ठरवले. आता थोडे गणित करून पाहू. समोरच्या दाताचा दिसणारा भाग साधारण साडेदहा मिलिमीटर उंच असतो. तो दहा अंश कलला की त्याचे टोक जेमतेम दोन मिलिमीटर सरकते. म्हणजे हेच दोन मिलिमीटर सबंध दाताने उभ्याने पार केले तर बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत, आणि दाताने वाकून पार केले तर लगेच डोळ्यात भरतात. भिंतीवरची तसबीर मध्यापासून चार बोटे बाजूला असली तर कुणी बोलत नाही, पण तिरकी असली तर आलेला पाहुणाही उठून सरळ करतो. नजरेचा स्वभावच तसा आहे.

या निष्कर्षावर एक आक्षेप रास्त आहे. जॉन्स्टन, बर्डन आणि स्टीव्हन्सन यांच्या १९९९ मधल्याच अभ्यासात दोन मिलिमीटरचा फरकही लोकांना जाणवल्याचे दिसते. मग कोकिच यांचे चार मिलिमीटर खरे मानायचे की यांचे दोन? दोन्ही खरे आहेत, कारण दाखवलेली चित्रे वेगळी होती. कोकिच यांच्या छायाचित्रांत फक्त ओठ आणि दात होते, नाक आणि हनुवटी नव्हती. मध्य शोधायला खूणच नसेल तर मध्य चुकल्याचे कळणार कसे? जॉन्स्टन यांनी दातांची रेघ चेहऱ्याच्या मध्याच्या संदर्भात सरकवली होती, आणि आयुष्यात आपण एकमेकांना पाहतो ते तसेच. पण त्यांचेही आकडे नीट वाचायला हवेत. दोन मिलिमीटरच्या फरकावर सामान्य माणसाने कमी गुण देण्याची शक्यता ५६ टक्के निघाली, ऑर्थोडॉन्टिस्टने देण्याची ८३ टक्के. छप्पन्न टक्के म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा जरासे अधिक, आणि तेही गुण देण्यासाठी मुद्दाम समोर बसवलेल्या, छायाचित्र निरखणाऱ्या माणसाच्या बाबतीत. बायर आणि लिंडाउअर यांनी १९९८ मध्ये सहन होण्याची सरासरी मर्यादा २.२ मिलिमीटर सांगितली, मात्र त्या सरासरीभोवतीचे प्रमाण विचलन दीड मिलिमीटरचे होते. इतका फरक असलेल्या मर्यादेला नियम म्हणणे कठीण आहे. दोन मिलिमीटरच्या आत बहुतेकांना दिसत नाही, तीन-चारच्या पुढे पुष्कळांना दिसते, मधे माणसागणिक फरक पडतो. पुरावा एवढेच म्हणतो. यात ८३ टक्क्यांचा आकडा विसरून चालणार नाही. तुमच्या दातांकडे जगात सर्वांत कडक नजरेने पाहणारा माणूस खुर्चीशेजारी उभा असतो आणि त्याच्या नजरेचा निकष नकळत तुमचाही होतो.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे: इतरांना दिसत नसेल, पण मला आरशात रोज दिसते, त्याचे काय? स्वतःच्या चेहऱ्याबद्दलचे असमाधान खोटे ठरवण्याचा अधिकार कोणत्याही अभ्यासाला नाही. मात्र ते असमाधान कशावर उभे आहे हे तपासायला हरकत नाही. समोरच्या कॅमेऱ्याने हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत जवळचे अवयव मोठे दिसतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रतिमानानुसार १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्के जास्त भासते. मान थोडी वळलेली असली की पुढे आलेले नाक दातांच्या तुलनेत अधिक सरकते, आणि फोटोत दातांची रेघ नाकाच्या शेंड्याशी जुळेनाशी होते. शिवाय पुष्कळांचे नाकच मुळात थोडे वाकडे असते. म्हणून मोजमाप नाकाच्या शेंड्यावरून करत नाहीत. ओठावरची पन्हळ आणि भुवयांमधला मध्य यांचा आधार घेतात. टॉम क्रूझची वरची मध्यरेषा बाजूला आहे हे इंटरनेटवर अनेकांनी रेघा आखून दाखवले आहे. २००२ मध्ये, चाळिशीत, त्याने दातांना तारा लावल्या होत्या हेही जगाने पाहिले. पण त्याआधी दोन दशके तो मोठ्या पडद्यावर हसत होता आणि ती रेघ कुणाच्या आड आली नव्हती. दुरुस्ती करूच नये, असा याचा अर्थ नाही. ती कुणाच्या नजरेसाठी करतो आहोत, हे आधी ठरले म्हणजे तिची किंमतही ठरवता येते.

हे ठरल्यावरही यंत्र निवडण्याची वेळ येत नाही. सरकले काय आहे, हे त्याआधी कळावे लागते. रेघ सरकलेली दिसते तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात. बहुधा फक्त दात सरकलेले असतात: लहानपणी एका बाजूचा दुधाचा सुळा लवकर पडला आणि समोरचे दात त्या मोकळ्या जागेकडे कलले, एका बाजूला दाटी झाली, एखादा दात जन्मतःच आला नाही किंवा बारीक खुंटीसारखा आला. दुसऱ्या प्रकारात दात आपापल्या हाडात बरोबर असतात, पण तोंड मिटताना एखाद्या चुकीच्या जागी टेकणाऱ्या दातामुळे खालचा जबडा बाजूला घसरतो. याची परीक्षा सोपी आहे. तोंड उघडे असताना दोन्ही रेघा समोरासमोर असतील आणि मिटताना खालची रेघ बाजूला पळत असेल, तर दोष चावण्याचा आहे. तिसऱ्या प्रकारात हाडच असमान असते, हनुवटीही त्याच बाजूला गेलेली दिसते, आणि तिथे दात कितीही हलवले तरी मूळ फरक तसाच राहतो. एडवर्ड अँगलने १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण केले. त्यात एका बाजूच्या दाढा बरोबर आणि दुसऱ्या बाजूच्या मागे-पुढे, अशा एकांगी स्थितीसाठी वेगळा पोटप्रकार ठेवला आहे, आणि सरकलेली मध्यरेषा ही पुष्कळदा याच स्थितीची समोर दिसणारी खूण असते. अशा माणसाचे पुढचे सहा दात तेवढे सरळ करून देणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे.

या टप्प्यावर एक सूचना सौंदर्याच्या चर्चेबाहेरची आहे, पण तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. मध्यरेषा लहानपणापासून सरकलेली असेल तर घाई नाही. ती गेल्या वर्षा-दोन वर्षांत सरकू लागली असेल तर ती तक्रार नसून लक्षण आहे. हिरडीच्या आजाराने हाड झिजले की समोरचे दात पसरतात आणि भटकतात. काढलेल्या दाढेची जागा रिकामी ठेवली की शेजारचे दात तिकडे झुकतात. क्वचित एका बाजूच्या जबड्याच्या सांध्याजवळचे हाड वाढ थांबण्याच्या वयानंतरही वाढत राहते आणि हनुवटी हळूहळू दुसरीकडे ढकलली जाते. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्रीमुळे हिरड्यांचे आजार सर्रास आढळतात, आणि त्यांत दुखणे उशिरा सुरू होते. हिरड्या आजारी असताना दातांवर जोर लावला तर हाड आणखी वेगाने जाते. त्यामुळे प्रौढ माणसाच्या तारांची सुरुवात दात साफ करून आणि हिरड्यांची खोली मोजून व्हायला हवी. जिथे हे न करता थेट तोंडाचा स्कॅन घेऊन हप्त्यांचे वेळापत्रक हाती दिले जाते, तिथे थोडे थबकावे.

आता खुद्द सरकवण्याचे गणित. मध्यरेषा डावीकडे दोन मिलिमीटर न्यायची तर डावीकडे दोन मिलिमीटर जागा हवी, आणि उजवीकडे तेवढीच फट उघडेल तिची व्यवस्था हवी. यंत्र कोणतेही असो, हे गणित टळत नाही, आणि जाहिरातीत नेमके हेच नसते. डावीकडे आधीच फट असेल आणि उजवीकडे दाटी असेल तर देवच पावला. तशा तोंडात काम खरोखर सोपे असते. एरवी जागा तयार करावी लागते. दातांच्या लगतच्या कडा घासून ती मिळवण्याची पद्धत जॅक शेरिडन यांनी १९८५ पासून रूढ केली. एका कडेवरून साधारण पाव मिलिमीटर एनॅमल काढतात, म्हणजे दोन दातांच्या एका सांध्यात अर्धा मिलिमीटर. समोरच्या दातापासून पहिल्या मोठ्या दाढेपर्यंत एका बाजूला असे पाच सांधे असतात. कागदावर अडीच मिलिमीटर झाले. प्रत्यक्षात ते सगळे मध्यरेषेच्या पदरात पडत नाहीत, कारण पुढचे दात मागे ओढताना मागचे दात थोडे पुढे येतात आणि मिळवलेल्या जागेचा काही भाग खातात. म्हणून केवळ घासण्याच्या जोरावर दीडेक मिलिमीटर हा मला प्रामाणिक अंदाज वाटतो. एनॅमल पुन्हा उगवत नाही, ही भीती लोकांना असते आणि ती रास्त आहे. मात्र योग्य प्रमाणात घासून, गुळगुळीत करून दिलेल्या कडा जास्त किडतात असा पुरावा मिळालेला नाही. उपदाढ काढून जागा करणे हा दुसरा मार्ग. ती साधारण सात मिलिमीटर रुंद असते. दोन मिलिमीटरसाठी सात मिलिमीटरचे खिंडार पाडायचे आणि उरलेले पाच कसे बुजवायचे याची चिंता वर्षभर वाहायची, हा व्यवहार दाटी किंवा दात पुढे असणे अशी दुसरी कारणे सोबत असल्याशिवाय पटण्यासारखा नाही.

पारदर्शक अलाइनर हा आज सर्वांत जास्त विचारला जाणारा पर्याय. १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. स्वतः चिश्तींनी प्रौढपणी तारा लावून घेतल्या होत्या आणि तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या रिटेनरच्या अनुभवातून ही कल्पना त्यांना सुचली. कंपनीची सुरुवातीची महत्त्वाची पेटंटे २०१७ मध्ये संपली आणि त्यानंतर बाजारात इतरांची गर्दी झाली. प्रत्येक अलाइनर दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो. दोन मिलिमीटरला कागदावर आठ अलाइनर, आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक, दिवसातून वीस-बावीस तास. हिशेब इतका देखणा आहे की तो पुरा होतोच असे वाटू लागते. क्रॅव्हिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ठरवलेली आणि प्रत्यक्ष झालेली हालचाल ताडून पाहिली तेव्हा सरासरी अचूकता ४१ टक्के निघाली. अकरा वर्षांनी, सुधारलेल्या साहित्यासह, त्याच अभ्यासगटाच्या मोजणीत ती ५० टक्के झाली. म्हणूनच पहिली मालिका संपल्यावर पुन्हा स्कॅन आणि पुन्हा अलाइनर हा उपचाराचा अपवाद न राहता नित्याचा भाग झाला आहे.

अलाइनरचा खरा प्रश्न मात्र टक्केवारीचा नाही, हालचालीच्या जातीचा आहे. प्लॅस्टिकचा पातळ साचा दाताचा दिसणारा भाग ढकलतो. मूळ हाडात असते, ते सहज मागे येत नाही. म्हणून दात सरकण्याऐवजी कलतो. दाताचे टोक मध्यावर आले, स्कॅनवर रेघ जुळली, काम झाले असे वाटते, आणि आरशात मात्र काहीतरी तिरके दिसत राहते. वर सांगितलेले दहा अंशांचे गणित इथे अंगावर येते: दोन मिलिमीटरचा जो सरक बहुतेकांना दिसतही नव्हता, त्याच्या बदल्यात दिसणारा कल विकत घेतला. उलट, मुळात दातच कललेला असल्यामुळे रेघ सरकलेली असेल, मुळे जागेवर आणि फक्त टोके झुकलेली असतील, तर अलाइनरला जे उत्तम जमते तेच तिथे करायचे असते. मग तो पर्याय नुसता सोयीचा नाही, योग्यही ठरतो. दोन माणसांच्या मोजपट्टीवर सारखेच दोन मिलिमीटर, आणि सल्ला अगदी उलट. क्ष-किरण फोटोत मुळांची दिशा पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही. दाताला चिकटवलेले कॉम्पोझिटचे छोटे उंचवटे मुळावरचा ताबा थोडा वाढवतात, पण ते लावायचे कुठे आणि कसे, हे संगणकावर न सोडता अनुभवी हाताने ठरवावे लागते.

दातांना चिकटवलेल्या तारांचा ताबा याबाबतीत अजूनही वरचढ आहे. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी १९७० च्या दशकात आणलेल्या ब्रॅकेटमध्ये प्रत्येक दाताचा कोन आधीच कोरलेला असतो, त्यामुळे मूळही टोकाबरोबर चालते. पण तारांनाही त्यांची स्वतःची लबाडी आहे. शेवटच्या दोन महिन्यांत रेघ जुळत नाही असे दिसले की वरच्या एका बाजूच्या दातापासून खालच्या दुसऱ्या बाजूला तिरका रबर लावून ती ओढून आणण्याची पद्धत आहे. तो रबर आडवा ओढतो तसाच उभाही ओढतो. बेताने न वापरल्यास समोरच्या दातांची पातळीच एका बाजूला उतरते. कोकिच यांच्याच अभ्यासात ही उतरण ऑर्थोडॉन्टिस्टांनी एका मिलिमीटरवर आणि सामान्य लोकांनी तीन मिलिमीटरवर पकडली होती, म्हणजे दोघांनीही मध्यरेषेपेक्षा लवकर. यावर उपाय म्हणजे हाडात बसवायचा बारीक स्क्रू. जपानमध्ये कानोमी यांनी १९९७ मध्ये तो मांडला, आणि एकाच बाजूचे दात ओढताना मागच्या दाढा हलू नयेत ही जुनी अडचण त्याने बरीच सोडवली. तो स्थानिक भूल देऊन बसतो, काम झाले की सहज निघतो. सातांपैकी साधारण एक सैल होऊन पुन्हा बसवावा लागतो. प्रौढांच्या एकांगी दुरुस्तीत गेल्या तीस वर्षांतला हा सर्वांत मोलाचा शोध आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. आतल्या बाजूने लावायच्या तारा दिसत नाहीत, महाग पडतात, जिभेला टोचतात. मध्यरेषेच्या प्रश्नापुरता त्यांचा वेगळा फायदा नाही.

दात न हलवता रेघ हलवण्याचा मार्गही आहे: एका दाताची कड घासायची, शेजारच्याला कॉम्पोझिटचा भर द्यायचा. लग्न तीन महिन्यांवर आल्यावर हा पर्याय फार लोभस वाटतो. त्याची मर्यादा साध्या बेरीज-वजाबाकीत आहे. समोरचा दात साडेआठ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. रेघ एक मिलिमीटर हलवायची तर एक दात साडेनऊचा होतो आणि दुसरा साडेसातचा. शेजारी शेजारी उभ्या दोन जुळ्यांत दोन मिलिमीटरचा फरक पडतो. तो लपत नाही. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ही युक्ती खपते, त्यापुढे नाही. व्हिनीअरसाठी तर निरोगी एनॅमल कायमचे कापावे लागते आणि काही वर्षांनी ते बदलावे लागते, म्हणून एवढ्याशा कारणासाठी ते करू नये असेच माझे मत आहे. कॉम्पोझिटची खरी जागा वेगळी आहे. एका बाजूचा समोरून दुसरा दात मुळातच बारीक असेल तर मध्यरेषा बहुधा त्याच बाजूला गेलेली असते. वेन बोल्टन यांनी १९५८ मध्ये खालच्या सहा पुढच्या दातांची एकूण रुंदी वरच्या सहांच्या ७७.२ टक्के असावी असे प्रमाण दिले. ते बिघडलेले असेल तर दात कितीही सरकवा, कुठेतरी फट किंवा चढाओढ राहणारच. तिथे दात सरकवून जागा करायची आणि बारीक दाताला भर देऊन ती भरायची, हा दोन तज्ज्ञांनी मिळून करायचा उपाय सर्वांत समाधानकारक असतो.

जबड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल एका वाक्यात सांगायचे तर, हाडाचा फरक आणि बिघडलेला चावा दोन्ही असतील तरच तिचा विषय काढावा. खालच्या मध्यरेषेबद्दलही फार लिहिण्याची गरज नाही; तरुणपणी हसताना खालचे दात थोडेच दिसतात. दाटी कमी करण्यासाठी खालच्या चार पटाशीच्या दातांपैकी एक काढण्याची मान्य पद्धत आहे, आणि तसे केल्यावर खालची मध्यरेषा उरतच नाही. वरच्या रेघेसमोर एका दाताचे पोट येते. त्यानेही माणसे नीट चावतात.

चावण्याचा विषय निघाला म्हणून तिसरा आक्षेप. रेघ जुळत नसेल तर पुढे जबड्याचा सांधा दुखू लागेल, डोके दुखेल, दात झिजतील, असे सांगून उपचाराची निकड पटवली जाते. चावताना जबडा घसरत असेल किंवा एखादा दात चुकीच्या जागी आपटून झिजत असेल तर तो दोष दुरुस्त करावा, यात वाद नाही. पण नुसत्या दोन मिलिमीटरच्या सरकण्याने सांधा बिघडतो असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. उलट, दात सरळ करून सांध्याचे दुखणे बरे होते का याचा कोक्रेन या संस्थेने २०१० मध्ये आढावा घेतला तेव्हा निर्णय देण्याजोगे पुरेसे चांगले अभ्यासच सापडले नाहीत. भीती दाखवून विकलेला सौंदर्योपचार हा सौंदर्योपचारच राहतो. आणि तो तसा असण्यात कमीपणा काही नाही, फक्त ते आधी उघड सांगितलेले असावे.

वयाचा आक्षेप मात्र बहुधा फोल असतो. दाताभोवतीचा तंतूंचा पडदा जिवंत असेपर्यंत दात चाळिशीतही हलतो आणि साठीतही. सुरुवात थोडी मंद होते, पुढे महिन्याला साधारण एक मिलिमीटर या अंदाजाने काम चालते. वयाची खरी किंमत इतर ठिकाणी मोजावी लागते. बसवलेले इम्प्लांट हलत नाहीत, ठिसूळ हाडांसाठी घेतलेली काही औषधे हाडाची उलाढाल मंदावतात, आणि दाटीत एकमेकांवर चढलेले दात सरळ झाले की हिरडी मागे सरकलेल्या प्रौढात दातांच्या मुळाशी काळे त्रिकोण उघडे पडतात. नजर माफ करत नाही अशा दोषांच्या यादीत तेही येतात. काम लवकर व्हावे म्हणून विकली जाणारी कंप देणारी उपकरणे चाचण्यांत टिकली नाहीत. आणि तज्ज्ञाला प्रत्यक्ष न भेटता घरपोच अलाइनर मागवण्याच्या धंद्याचे काय होऊ शकते, हे अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने दाखवून दिले: २०१४ मध्ये सुरू, २०१९ मध्ये शेअर बाजारात, डिसेंबर २०२३ मध्ये बंद, आणि अनेक ग्राहकांचे उपचार अर्ध्यावर. आपल्याकडे ऑर्थोडॉन्टिक्स ही दंतवैद्यकाच्या पदवीनंतरची तीन वर्षांची स्वतंत्र एमडीएस पदवी आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत या विषयाचे विभाग आहेत, तिथे खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी येतो, आणि दुसरे मत घ्यायला ती जागा चांगली आहे. तिथे विचारण्याजोगे प्रश्न थोडेच आहेत: माझे दात सरकले आहेत की कलले आहेत, जागा कुठून आणणार, दुसऱ्या बाजूला उघडणाऱ्या फटीचे काय, आणि काम संपल्यावर मुळे कुठे असतील.

शेवटचा खर्च पावतीवर नसतो. लिटल, वॉलन आणि रीडेल यांनी १९८१ मध्ये उपदाढा काढून दात सरळ केलेल्या ६५ जणांचे दात रिटेनर थांबवल्यावर दहा वर्षांनी तपासले, तेव्हा दोनतृतीयांश लोकांच्या खालच्या पुढच्या दातांची ठेवण समाधानकारक उरलेली नव्हती. म्हणून आज रिटेनर ठरावीक महिन्यांसाठी सांगत नाहीत. दाताच्या मागे चिकटवलेली बारीक तार किंवा रात्रीचा साचा हवा तितकी वर्षे वापरा, असे सांगतात. मागची तार सुटली तर ती कित्येकदा जिभेलाही कळत नाही, आणि साचा एखाद्या प्रवासात घरी राहतो. ज्याला दाटी किंवा चाव्यासाठी उपचार घ्यायचाच आहे त्याच्यासाठी ही कटकट कामाचाच भाग आहे, आणि मध्यरेषा त्यात जवळजवळ फुकट सुधारून मिळते. फक्त दोन मिलिमीटरसाठी ती पत्करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी: उपचार कधीच न घेतलेल्या माणसांचेही खालचे पुढचे दात तिशीनंतर हळूहळू दाटत जातात, त्यामुळे आज आरशात मोजलेली खालची रेघ पन्नाशीत तिथेच असेल असे नाही, तारा लावल्या तरी आणि न लावल्या तरी.